इंदूमायच्या विहिरीचा नमुना

या अंकाचे संपादक माझे शेजारी आहेत, म्हणून हा लेख. त्यांना मोठ्या माणसांचे अनुभव हवे होते. एक डॉक्टर झाले, एक वकील झाले, एक निवृत्त साहेब हो म्हणून ऐनवेळी फिरले, आणि मग जिन्यात मी सापडलो. "तुम्ही नोकरीत नेमकं काय करायचात हो?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो, पण हा प्रश्न पहिल्यांदाच आला. मी म्हटलं, बाटल्या भरायचो. ते म्हणाले, तेच लिहा.

तर मी बाटल्या भरायचो. प्रदूषणाच्या खात्यात मी क्षेत्र सहायक होतो. नाल्याचं, विहिरीचं, कारखान्याच्या मोरीचं पाणी बाटलीत भरायचं, चिठ्ठी लावायची, बर्फाच्या पेटीत ठेवायचं आणि विभागाच्या प्रयोगशाळेत पोचवायचं. पुढचं सगळं तिथल्या साहेबांचं. ते पाण्यात काय काय आहे ते काढायचे आणि अहवाल द्यायचे. गावोगाव लोक मला 'बाटलीवाला भाऊ' म्हणायचे. भर बाजारात कोणी लांबून अशी हाक मारली की आमच्या मंडळी चार पावलं मागे राहून चालायच्या.

काम ऐकायला सोपं वाटतं. माझ्या सासऱ्यांनाही वाटायचं. "पाणी भरायला सरकार पगार देतं?" असं त्यांनी लग्नाच्या बैठकीतच विचारलं होतं. पण पाणी भरण्यालाही रीत आहे. बाटली आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळायची. हातपंप असेल तर आधी चांगला वेळ हापसायचा, नाहीतर नळीत साचलेलं शिळं पाणी येतं. आणि तेलासाठीची बाटली मात्र काचेची हवी, ती अजिबात विसळायची नाही. तेल काचेला चिकटतं. विसळली की पहिल्या पाण्यातलं तेल आत राहून जातं आणि कारखानदाराचा वकील तुम्हाला कोर्टात उभा सोलतो. शेवटी बूच, वर कापड, त्यावर लाख, लाखेवर शिक्का, आणि दोन्ही बाजूंच्या सह्या. बूच लागेपर्यंत बाटलीवरून नजर हटवायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. हा नियम मी एकदाच मोडला, आणि हा लेख त्याच एकदाचा आहे.

त्याआधी थोडं गिऱ्हाइकांबद्दल सांगतो, नाहीतर आमच्या धंद्याची मजा कळायची नाही. तक्रारदार स्वतःच नमुना घेऊन यायचे. धानोऱ्याकडचे एक आबा विहिरीचं पाणी दारूच्या क्वार्टरमधून घेऊन आले आणि पाण्याला दारूचा वास येतो अशी तक्रार लिहून द्यायला लागले. दुसरे एक गृहस्थ एसटीनं आले, मांडीवर तोंड बांधलेली फुगलेली प्लास्टिकची पिशवी. रात्री घरात जो वास येतो तो पिशवीत धरून आणलाय म्हणाले. वाटेत कंडक्टरनं तिकीट मागितलं तेव्हाही त्यांनी पिशवी खाली ठेवली नव्हती. मी खूप हसलो. पुढे एका प्रशिक्षणात कळलं की हवेचा नमुना खरोखरच पिशवीत घेतात, फक्त ती पिशवी परदेशी असते. त्या गृहस्थांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

आमच्या कचेरीत माझ्या नाकाचा मोठा दरारा होता. बाटली नुसती उघडली तरी मी सांगायचो, हे मळीचं, हे खवट तेलाचं, हे साबणाचं. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत साहेब माझ्या नाकावर काम भागवायचे. पण आमची कचेरी नंदुरबारात, आणि तिथं नाकाला वर्षातून तीन महिने सुट्टी असते. मिरचीचा हंगाम सुरू झाला, गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची पसरली आणि बाजारात गाड्या रिकाम्या व्हायला लागल्या की सगळं गाव शिंकतं. कोकणातून बदलून आलेल्या एका अधिकाऱ्यानं पहिल्याच आठवड्यात आम्हाला फोन केला होता की शहरात विषारी वायू सुटलाय, माझे डोळे गेले, माणसं पाठवा. आम्ही गेलो, त्यांना तोंड धुवायला लावलं आणि वायूचा भाव त्या दिवशी क्विंटलला काय फुटलाय ते सांगितलं. त्या तीन महिन्यांत माझं नाक आणि दुसऱ्या कोणाचंही नाक सारखंच.

आता त्या गावाकडे येतो. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या पोरांची लग्नं व्हायची आहेत आणि पाण्याला नाव ठेवलं की मुली देणारे मागे फिरतात. गावाच्या वेशीवर, एका नाल्याच्या काठाला, दोन तेल रिफायनऱ्या आहेत. आधी एकच होती. मग दोन भावांत वाटणी झाली, मधे भिंत आली आणि दोन फाटकं झाली. रिफायनरीत करतात काय, तर सरकीचं कच्चं तेल काळंभोर असतं, ते कॉस्टिक सोडा घालून धुतात. तेल सोनेरी होऊन डब्यात जातं आणि खाली साबणासारखा राडा उरतो. त्या राड्यावर पुन्हा ॲसिड मारून उरलंसुरलं तेल काढतात. मग जे पाणी उरतं ते आंबट, तेलकट आणि घाण वासाचं. ते नीट साफ करून सोडायचं असतं. हे दोघे ते नाल्यात सोडत होते.

तक्रार घेऊन मोठ्या शेठकडे गेलं की ते म्हणायचे, आमचं पाणी स्वच्छ आहे, वास धाकट्याचा. धाकट्याकडे गेलं की तो म्हणायचा, वारा तिकडून येतो. भिंतीवर बसलेल्या कावळ्यालाही ठरवता आलं नसतं. मोरी मात्र वाटणीत राहून गेली होती, ती दोघांची एकच होती.

नाल्यापासून शंभर पावलांवर इंदूमायची विहीर. इंदूमाय तेव्हा साठीची असेल. नवरा नाही, मुलगा सुरतेला मिलमध्ये, आणि ही एकटी घर आणि दोन एकर सांभाळून. विहीर तिच्या सासऱ्यानं स्वतः खणलेली. पाणी लागलं तेव्हा त्यानं सगळ्या वस्तीला सांगून टाकलं होतं की इथं कोणी विचारायचं नाही, दोर टाकायचा. तेव्हापासून वस्तीची तीसेक घरं तिथंच भरत. रिफायनरीचं पाणी नाल्यातून झिरपायला लागलं तसं विहिरीच्या पाण्यावर तवंग यायला लागला. डाळ शिजेना. पोरांना खरूज झाली. सडकेपलीकडे पंचायतीची एक चांगली विहीर होती, पण लांब, आणि उन्हाळ्यात तळाला जाणारी. म्हणून पिण्यापुरतं जमेल तेव्हा तिकडून, आणि बाकी सगळं, बऱ्याचदा पिणंही, इंदूमायच्या विहिरीवर. वस्तीनं अर्ज केला की नाला बंद करा आणि आम्हाला नळ द्या. अर्जाचा निकाल कशावर, तर माझ्या बाटलीवर.

मी गेलो जानेवारीत. आठ दिवस आधी पंचायतीला पत्र गेलं होतं, तेव्हा तशी पद्धत होती. मला सर्दी, त्यात मिरचीचा हंगाम. विहिरीच्या कठड्यावरून वाकून पाहिलं, पाण्यावर मोरपिसासारखे रंग. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, हे आधीच कबूल करून ठेवतो. बाटल्या काढून ओट्यावर मांडल्या. एवढ्यात आतून वांगी भाजल्याचा धूर आला.

"पहिले जेवन करी ल्या, भाऊ," इंदूमाय म्हणाली. "पानी कोठे पळी जाई नही ऱ्हायनं."

खानदेशातली माणसं हे वाचत असतील तर त्यांना मला दोष देणं अवघड जाईल. भरीत होतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. वर कच्चं तेल, मिरचीचा ठेचा, कांद्याची पात. शेजारीण वाढत होती, आणि मी आणि ड्रायव्हर जेवायला बसलो ते चांगला तासभर. हात धुऊन बाहेर आलो तर ओट्यावर माझ्या सगळ्या बाटल्या भरलेल्या, बुचं लावलेल्या, पदरानं पुसून चकचकीत केलेल्या, ओळीनं उभ्या.

"तुम्हीन जेवत व्हतात, म्हंतं तुम्हनी तसदी वाचाडूत," ती म्हणाली.

मी एक बाटली उघडून हुंगली. काहीच वास नाही. मनात म्हटलं, नाक गेलंय. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, बर्फ वितळत होता, पोट भरलं होतं. मी चिठ्ठ्या लावल्या, लाख लावली, शिक्का मारला आणि सह्या घेतल्या. सहीपुरत्या बोलावलेल्या कारखान्याच्या माणसानंही खुशीत सही केली.

महिन्यानं अहवाल आला. पाणी पिण्यास योग्य. तेल नाही, आंबटपणा नाही, काही नाही. मी तो कागद दोनदा वाचला. तवंग डोळ्यांनी पाहिलेला माणूस मी, पण प्रयोगशाळेच्या शिक्क्यापुढे माझ्या डोळ्यांची किंमत काय, असं मी स्वतःला समजावलं आणि कागद पुढे पाठवला. वस्तीचा अर्ज निकाली निघाला. नळाची फाईल मागे सरकली. मोठ्या शेठनं अहवालाची प्रत चौकटीत बसवून फाटकाच्या केबिनमध्ये गणपतीशेजारी टांगली, आणि धाकट्यानं त्याची झेरॉक्स काढून आपल्याकडे. वाटणीनंतर दोघांनी एकत्र वापरलेली ती पहिली वस्तू असावी.

एप्रिलमध्ये पुन्हा त्याच वस्तीतून तक्रार आली, या वेळी काजळीची. बायकांनी ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, घालून वाळत टाकल्या होत्या आणि बॉयलरच्या धुराड्यातून त्यांच्यावर काळे कण पडले होते. आमच्याकडे पडणारी धूळ मोजायला एक बरणी असते, ती महिनाभर गच्चीवर ठेवावी लागते. इंदूमायनं बरणीकडे पाहिलं आणि एक बिबडी उचलून माझ्या हातात दिली.

"हाई पाहा. हाऊ तीळ नही शे, भाऊ," ती म्हणाली. "तीळ टाकाले मन्हाकडे पैसा कोठे शे. हाई रिफायनरी शे."

पांढऱ्या बिबडीवर काळे ठिपके असे उठून दिसत होते की बरणी मला उगाच वाटली. मी पुरावा म्हणून चार बिबड्या पाकिटात घातल्या. तिनं आणखी दहा-बारा चांगल्या, घरात वाळवलेल्या, माझ्या घरच्यांसाठी बांधून दिल्या. पुढे कचेरीत आमच्या टायपिस्टबाईंनी दोन पाकिटांतलं नेमकं चुकीचं पाकीट तळलं आणि सगळ्यांनी चहाबरोबर सरकारी पुरावा खाल्ला. कुरकुरीत झाला होता. साहेबांनी फाईलवर काय लिहिलं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

पण त्या दिवशी ओट्यावरून उठताना इंदूमायनं सहज विचारलं, "भाऊ, तुम्हना साहेबले पानी आवडनं का?"

मी म्हटलं, "कोणतं पाणी?"

"तुम्हीन बाटल्यासमा लई गयतात ते. सडकपल्याडनी हीरवरथून दोन खेपा कऱ्यात मी. हंडा चिचघाई घासा, कपडाघाई गाळं, मंग भरं."

मी पुन्हा खाली बसलो. हंडा चिंचेनं घासून, सडकेपलीकडच्या विहिरीचं पाणी कापडानं गाळून तिनं माझ्या बाटल्या भरल्या होत्या.

तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. मी तिला विचारलं की तक्रार तुमची, विहीर तुमची, मग पाणी दुसरीकडचं का भरलं? तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"आपला गावनं नाव लिखीसन ते पानी मोठा साहेबकडे जानार," ती म्हणाली. "तठे घान पानी कसं धाडानं? आंडेर सासरले जास तवय तिले न्हाडी-धोई, येनी-फनी करीसन धाडतस ना. तसंच ते."

सासरी जाणाऱ्या लेकीसारखं तिनं ते पाणी नटवून धाडलं होतं. त्या घरात पाहुण्याला स्वतःच्या विहिरीचं पाणी कधी दिलं गेलं नव्हतं. कोणी आलं की शेजारीण मागच्या दारानं पळायची आणि सडकेपलीकडून कळशी यायची. सोयरीक बघायला आलेल्यांना, मास्तरांना, पोलिसपाटलाला, सगळ्यांना. मी जानेवारीत भरिताबरोबर दोन तांबे पाणी प्यायलो होतो, तेही तिथलंच. आमच्या खात्याला त्यांनी मोठा पाहुणा समजून पाणी दिलं होतं. तिला वाटलं होतं की साहेब ते पिऊन बघणार.

मी तिला समजावून सांगितलं. तिचं पाणी वाईट निघालं असतं तरच नळ आला असता, आणि आता कागदावर ते उत्तम आहे. ऐकता ऐकता तिचा हात तोंडावर गेला. आतापर्यंत वस्तीतल्या कोणालाच कळलं नव्हतं की अहवाल चांगला कसा आला. सगळे म्हणत होते, बाटलीवाल्या भाऊनं शेठचे पैसे खाल्ले. "मीच खड्डा खंदा," ती म्हणाली. मला तिचं वाईट वाटलं आणि स्वतःची लाज वाटली. खड्डा तिनं खणला नव्हता. बाटलीवर नजर ठेवायचा पगार मला मिळत होता.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे उभा राहून सगळं सांगितलं. साहेब कडक होते, पण जळगावचे होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "जेवायला काय होतं?"

"भरीत आणि कळण्याची भाकरी."

"मग नजर हटणारच," ते म्हणाले, आणि मला लेखी ताकीद दिली. माझ्या सेवापुस्तकातला तो एकमेव काळा शेरा. 'नमुना घेताना कर्तव्यात कसूर' असं त्यावर आहे. निवृत्तीच्या दिवशी मी तो मुद्दाम पुन्हा वाचला. त्या ताकिदीमुळेच जुना अहवाल रद्द झाला आणि नवा नमुना घ्यायचा हुकूम निघाला, म्हणून मला त्या ताकिदीचा राग नाही.

या वेळी पत्र नाही, निरोप नाही. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस पडून पाणी पातळ व्हायच्या आत, सकाळी आठला आम्ही गेलो. पंचनाम्यासाठी दोन्ही शेठना जागेवर बोलावलं. दोघे आले आणि इंदूमायच्या ओट्यावर एकाच खाटेच्या दोन टोकांना बसले, तोंडं दोन दिशांना करून. वस्तीतल्या बायाबापड्या जमल्या.

मी ओट्याकडे वळलो तशी इंदूमाय आडवी आली.

"आठे नही, भाऊ," ती म्हणाली. "आज तुम्हीन पाहुना नहीत. बाटलीले लाख लागस तवपर्यंत तुम्हीन सरकार. सरकारले मन्हाकडे ना चहा शे, ना पानी. त्याना मंग पाहुना."

मी निमूट विहिरीवर गेलो. दोर मी टाकला, बादली मी ओढली, विसळायच्या बाटल्या तीनदा विसळल्या, तेलाची काचेची बाटली कोरडीच भरली. नाक त्या दिवशी साफ होतं आणि बादली वर येताच कळलं, खवट तेल आणि कुजका साबण. इंदूमाय पूर्ण वेळ माझ्या खांद्यापाशी उभी होती आणि माझ्या हातांकडे बघत होती. आधीच्या वेळी मी जे करायला हवं होतं ते ती करत होती.

लाख थंड होईपर्यंत मोठे शेठ घामाघूम झाले होते. ते म्हणाले, बाई, थोडं पाणी द्या. मागून एक बाई बोलली, "आपलीच हीरनं पाजा शेठले, इंदूमाय. कयू द्या त्यासले." दोन-तीन जणी हसल्या.

इंदूमायनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. "शेठ आपला ओटावर बठेल शेतस," ती म्हणाली, आणि आतून तांब्या-पेला घेऊन आली.

मोठे शेठ अर्धा पेला प्यायले आणि मग थबकले. त्यांना बायांचं बोलणं समजलं होतं. त्यांनी विचारलं, "हे याच विहिरीचं का?"

"नही शेठ," ती म्हणाली. "पाहुनाले ते देतस नही आम्हीन. ते आम्हनं प्यानं शे."

हे ती टोचून बोलली नाही, साखरेचा डबा कुठे आहे ते सांगावं तसं सांगितलं. शेठनी उरलेला पेला खाली ठेवला. मग ते उठून विहिरीपर्यंत गेले आणि कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. धाकटे शेठही मागोमाग गेले. इतकी वर्षं त्यांचं पाणी तिथे येत होतं आणि त्यांनी ती विहीर त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पंचनाम्यावर सही करताना दोघांपैकी एकानंही वास शेजारचा आहे असं म्हटलं नाही.

मी लाख लावलेल्या बाटल्या पेटीत ठेवल्या तशी इंदूमाय म्हणाली, "आते या." चहा झाला, शेव झाली, आणि जेवल्याशिवाय सोडणार नाही असंही झालं. मी पेटी मांडीवर घेऊन जेवलो.

अहवाल आला तसा यायला हवा होता. पिण्यास अयोग्य. पुढे नोटिसा, सुनावण्या, एकदा दोन्ही फाटकांना कुलपं, मग मुदत, मग पाणी साफ करायची यंत्रणा. दोघा भावांनी मिळून एकच बसवली, कारण मोरी एकच होती. शेठ चांगले झाले की कायद्याला घाबरले, मला माहीत नाही. नळही आला, दिवसाआड आणि बोटाएवढी धार, पण आला. हे सगळं व्हायला जो वेळ लागायचा तो लागलाच.

एक काम मात्र मला आवडलं नाही. विहिरीच्या कठड्यावर लाल रंगानं 'पाणी पिण्यास अयोग्य' असं लिहायचं होतं, आणि अक्षर बरं म्हणून ते माझ्याकडे आलं. इंदूमायनं रंगाचा डबा धरला. लिहून झाल्यावर तिनं विचारलं, काय लिखं? मी वाचून दाखवलं. "खरं शे," ती म्हणाली, आणि डबा मला परत देऊन घरात गेली. सासऱ्याच्या विहिरीवर तिनं स्वतः डबा धरून हे लिहवून घेतलं होतं. मी ओट्यावर थांबलो, पण ती बाहेर आली नाही, आणि मग मी निघालो.

त्यानंतर दर हिवाळ्यात तिचा फोन यायचा, "भाऊ, बाटली लई या." मी निवृत्त झालो तरी जायचो. गाळ काढला, दोनदा विहीर पूर्ण उपसली, पावसाळे गेले. नमुना घ्यायचा, खिशातले पैसे भरून एका खासगी प्रयोगशाळेत द्यायचा आणि दर वेळी 'अजून नाही' सांगायचं. मागच्या हिवाळ्यात कागद आला, पिण्यास योग्य. मी खात्यातल्या जुन्या मित्राकडून पुन्हा तपासून घेतला. तेच.

मी मोठ्या आनंदात कागद घेऊन वस्तीवर गेलो, मोठ्यानं वाचला. कोणी हललं नाही. शेवटी एक म्हातारबा म्हणाले, "कागद ते पहिले बी चांगलाच उना व्हता, भाऊ."

पहिला कागदही मीच आणला होता. माझ्या सहीवर त्या वस्तीनं एकदा भरवसा ठेवला होता, आणि आता खरं सांगायला आलो तर तीच सही आड आली. मग मी म्हटलं, ठीक आहे, तुमच्यासमोर मी पितो. संध्याकाळपर्यंत इथेच बसतो, मला काही झालं तर पुन्हा लाल रंग लावा. हा सौदा लोकांना पटला. म्हातारबांनी घड्याळ बघितलं. कोणीतरी माझ्यासाठी खाट टाकली, कोणीतरी डॉक्टरचा नंबर आहे का ते विचारून घेतलं.

मी बादली काढली, तांब्या भरला आणि तोंडाशी नेला. एवढ्यात इंदूमायनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"मन्हा सासराना हातनी हीर शे," ती म्हणाली. "पहिला घोट मन्हा."

ती उभ्यानंच प्यायली, डोळे मिटून, सावकाश, तांब्या रिकामा होईपर्यंत. थोडं पाणी हनुवटीवरून पदरावर सांडलं. माझ्या सगळ्या नोकरीत कुठल्याही अहवालाची मी अशी वाट पाहिली नव्हती.

"कसं शे, माय?" मी विचारलं.

तिनं तोंड पुसलं.

"पानीसारखं शे," ती म्हणाली, आणि दोर पुन्हा विहिरीत सोडला.